विलायतेतला मसाल्याचा डबा

मे महिन्याच्या सुटीत मी विलायतेला जाऊन आलो, हे कळल्यापासून गावातले लोक मला एकच प्रश्न विचारतात, "मास्तर, तिकडं काय काय पाहिलंत?" राजवाडा, पार्लमेंट, टेम्स नदीवरचा पूल यांची वर्णने ऐकायला ते अगदी सरसावून बसलेले असतात. मी मात्र खरे ते सांगून टाकतो. तिथले निम्मे दिवस मी दगडफूल शोधण्यात घालवले. हे ऐकल्यावर मंडळी हसतात आणि विषय बदलतात. वाचकहो, आपण फराळाची बशी पुढ्यात घेऊन निवांत बसला असाल. तेव्हा एवढ्यात उठून जाणार नाही, या भरवशावर ती हकीकत सांगतो.

माझी धाकटी बहीण लेस्टर नावाच्या शहरात राहते. लंडनहून उत्तरेला शंभरेक मैलांवर हे शहर आहे. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला चौदा वर्षे झाली. या चौदा वर्षांत तिच्या घरची आमटी परक्या मसाल्याची कधी झाली नाही. आई दर उन्हाळ्यात गोडा मसाला करी आणि जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हाती त्याची पुडी लेस्टरला रवाना होई. गेल्या वर्षी आई गेली. मी पोहोचलो त्या रात्री जेवणे झाल्यावर धाकटीने फ्रिजमधून एक काचेची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. तळाशी चार बोटे मसाला उरला होता.

"दादा, हा संपला की संपला," ती म्हणाली. "आई गेल्यापासून मी या बरणीत चमचा घातला नाही."

आईने कृती अशी कधी लिहून ठेवली नाही. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. अंदाज सारा हातात आणि नाकात. मात्र वाण्याकडे न्यायची यादी दरवर्षी माझ्याच अक्षरात असे. आई स्वयंपाकघरातून सांगे आणि मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिही: धणे एक किलो, सुके खोबरे पाव किलो, तीळ, जिरे, शहाजिरे, दालचिनी, लवंग, मिरी, तमालपत्र, बाद्यान, वेलदोडे, नागकेशर, दगडफूल, खडा हिंग. पुढे भाजण्याकुटण्याच्या वेळी मी खेळायला पसार होई आणि धाकटी आईजवळ बसे. तेव्हा यादी मला पाठ आणि भाजणे तिला ठाऊक, असा आम्हा भावंडांचा हिशेब जमला. "जिन्नस मिळाले की झालं!" मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे एक अख्खी मांडणी आपल्याकडच्या खाण्याच्या बरण्यांनी भरलेली. तयार मसाल्याचे ओले गोळे, चटण्या, लोणची. एका बरणीवर 'कोर्मा', दुसरीवर 'टिक्का', तिसरीवर 'मद्रास', चौथीवर 'विंदालू'. 'मद्रास' नावाचा पदार्थ मद्रासेत कुणी शिजवल्याचे ऐकिवात नाही. विंदालू मात्र आपल्या शेजारचाच. पोर्तुगीजांच्या दारू-लसणातल्या मांसाचे गोव्यात झालेले रूपांतर. आमटी, कालवण, रस्सा, हुमण, सांबारे ही आपली सारी घराणी 'करी' या एकाच नावाखाली कोंबून बरणीत घातलेली पाहून मला नवल वाटले. हे उपद्व्याप प्रथम केले कुणी? कुतूहल स्वस्थ बसू देईना, म्हणून मी तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण दहा वर्षांची भाची शेजारी बसून अडलेला शब्द सांगे.

तिथे जे वाचले त्यात पहिलीच मौज अशी की, परदेशात आपल्या मसाल्याच्या आठवणीने प्रथम व्याकूळ झाला तो आपला माणूस नव्हे, तो साहेब! ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत कलकत्ता-मद्रासेत वीस-वीस वर्षे काढून मायदेशी परतलेल्या गोऱ्या लोकांना तिकडचे उकडलेले मांस आणि उकडलेले बटाटे गोड लागेनात. घरी स्वयंपाकी नाही, बाजारात मसाला नाही, आणि जिभेला तर चटक लागलेली. ज्या दुःखाने माझी बहीण बरणीकडे पाहत बसली होती, ते दुःख अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या पेन्शनर साहेबांनी भोगले होते.

१७४७ साली हॅना ग्लास नावाच्या बाईंचे पाकशास्त्राचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्यात 'करी'ची कृती आहे. कोंबडी किंवा ससा, कांदे, तीस मिरीदाणे आणि धणे. मसाला म्हणावा तर एवढाच! हळद आणि आले पुढच्या आवृत्त्यांत आले. पण त्यातले एक वाक्य वाचून मला बाईंविषयी फार जिव्हाळा वाटला. धणे कशावर भाजायचे? तर स्वच्छ फावड्यावर, विस्तवावर धरून. कढई नव्हती, तवा नव्हता. शेगडीतले कोळसे ओढायचे फावडे बाईंनी धुऊन पुसून घेतले. गरज पडली की स्वयंपाकीण कोणत्याही देशातली असो, ती अशीच वागते.

तयार मसाल्याची विक्रीही तेव्हापासूनची. १७७३ साली हेमार्केट भागातल्या नॉरिस स्ट्रीट कॉफीहाउसच्या मालकिणीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, अस्सल हिंदुस्थानी करीचा ओला मसाला आमच्याकडे मिळेल, आणि सांगाल तेव्हा शिजवलेली करी, भात आणि पुलाव घरपोच पाठवू. घरपोच डबा हा आजच्या काळाचा शोध आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे १७८४ साली पिकॅडिलीतल्या एका दुकानाने करी पावडरची जाहिरात केली. दुकान किराण्याचे नव्हे, अत्तरांचे! पावडरीने पचन सुधारते, रक्ताभिसरण वाढते, असेही त्यात बजावले होते. वासाचा माल म्हणून अत्तरवाल्याकडे आणि गुणाचा माल म्हणून वैद्याच्या भाषेत. आपल्या मसाल्याने विलायतेत प्रवेश केला तो असा.

एका हिंदी माणसानेही या व्यवहारात हात घालून पाहिला. पाटण्याकडचा शेख दीन मुहम्मद हा कंपनीच्या फौजेत वाढलेला, पुढे आयर्लंडात स्थायिक झालेला. इंग्रजीत पुस्तक छापणारा पहिला हिंदी लेखक तो हाच, साल १७९४. त्याने १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्थानी कॉफीहाउस' काढले. हुक्के होते, वेताच्या खुर्च्या होत्या, भिंतींवर हिंदुस्थानची चित्रे होती. दोन वर्षांत दिवाळे वाजले. श्रीमंत साहेब आपापल्या घरी हिंदी नोकर ठेवून होते. त्यांना बाहेर जेवण्याची गरज नव्हती, आणि बाकीच्या लंडनला अजून चव लागलेली नव्हती. पुढे हाच गृहस्थ ब्रायटनला जाऊन चंपी आणि वाफाऱ्याचे स्नान यांवर नावारूपाला आला. दोन राजांचे अंग त्याने चोळले. जिभेने नाकारले, पण पाठीने स्वीकारले म्हणायचे!

मागणी वाढली तसा भेसळीलाही ऊत आला. मसाला येई जहाजाने; सुएझचा कालवा १८६९ साली खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-सहा महिने लागत. वाटेत वास उडून जाई. त्याचे कारण सोपे आहे. धणे, लवंग, दालचिनी यांचा वास म्हणजे त्यांच्यातले उडून जाणारे तेल. दाणा अखंड आहे तोवर ते आत कोंडलेले असते. कुटला की वाऱ्यावर. म्हणून तर आई मसाला भरताना बरणी दाबून भरी आणि त्यात हिंगाचे खडे पुरून ठेवी. विलायतेतल्या दुकानदारांनी उडालेल्या वासाची भरपाई रंगाने केली. १८५० नंतरच्या काही वर्षांत डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी लंडनच्या बाजारातले खाद्यपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा करी पावडरीत तांदळाचे पीठ आणि मीठ तर निघालेच, पण काही पुड्यांत चक्क शेंदूर निघाला! आपण जो मारुतीला लावतो तो साहेब जेवणातून पोटात घालत होता. अशा तपासण्यांतून पुढे भेसळीविरुद्ध कायदे झाले.

आता आपल्या माणसांकडे वळू. आपली माणसे शिकण्यासाठी समुद्रापलीकडे जाऊ लागली तेव्हा डब्याची चिंता आपल्या घरात शिरली. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे सेरामपूरच्या सभेत त्या सांगून गेल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत, परक्या चुलीशी, शाकाहार सांभाळून त्यांनी १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली; आणि परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. क्षय त्यांना घेऊन गेला हे खरे. पण परदेशात पोटभर आणि मनाजोगते जेवण मिळणे ही चैन नव्हे, हे त्यांच्या चरित्राने मला नेहमीच सांगितले आहे.

त्याच १८८७ साली आग्र्याचा अब्दुल करीम व्हिक्टोरिया राणीच्या सेवेत रुजू झाला आणि राणीच्या मुदपाकखान्यात आपल्या मसाल्यांचा वास दरवळला. पुढच्याच वर्षी गांधीजी बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. घरून बरोबर आणलेली मिठाई आणि मसाले त्यांनी पुढे आपणहून सोडले. मन बदलले तशी चव बदलली आणि पूर्वी बेचव लागणारी उकडलेली पालेभाजी रुचू लागली, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. हे मी धाकटीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "ते महात्मा होते, दादा. मला आमटी लागते."

या इतिहासात पुण्याचाही एक धागा सापडला. लंडनमधले 'वीरस्वामी' हे नामांकित हिंदी उपाहारगृह १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर निघाले. काढणारा एडवर्ड पामर. मसाले आणि लोणची विकण्याचा त्याचा आधीचा व्यापार होता. तो ज्या जनरल विल्यम पामर यांचा वंशज, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशवे दरबारी पुण्यात रेसिडेंट होते, आणि त्यांची पत्नी हिंदुस्थानी होती. एका पुणेकर रेसिडेंटाच्या घरातली चव शे-सव्वाशे वर्षांनी लंडनच्या हमरस्त्यावर आली, असे म्हणायला हरकत नाही. पाठोपाठ १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. चार मराठी डोकी एकत्र आली की नाटक आणि जेवण या दोन गोष्टी आल्याच.

परंतु त्या मांडणीवरच्या बरण्यांचा खरा इतिहास याच्याही पुढचा आहे. १९५६ साली लक्ष्मीशंकर पाठक नावाचे एक गुजराती गृहस्थ केनियाहून बायकामुलांसह लंडनला आले. पत्नी शांतागौरी यांच्यासह त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात समोसे आणि मिठाई करून विकायला सुरुवात केली. पुढे यूस्टन स्टेशनाजवळ ड्रमंड स्ट्रीटवर दुकान झाले. शेजाऱ्यांनी वासाबद्दल तक्रारी केल्या, तेव्हा कारखाना गावाबाहेर गेला. लंडनच्या साहेबाला 'पाठक' उच्चारता येईना, म्हणून नावातला 'ठ' जाऊन 'पटाक्स' झाले. मसाला तेलात परतून बरणीत बंद केला की वास उडत नाही, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असलेले तत्त्व या घराने कारखान्यात नेले. आज ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या ताब्यात आहे. विक्री २००७ साली झाली. तरी बरणीच्या मुळाशी एका घराची चूल आहे, हे कळल्यावर मला त्या मांडणीचा राग येईनासा झाला.

इतके ज्ञान झाले, पण दगडफूल काही मिळेना. धणे, खोबरे, लवंग सारे मिळाले. दगडफूल आणि नागकेशर या दोघांनी मात्र दडी मारली. दगडफूल म्हणजे फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी दगडावर, झाडाच्या सालीवर मांडलेला संसार. कच्चे हुंगले तर वाळक्या पाचोळ्यासारखे. तेलात पडले की मगच गोड्या मसाल्याला त्याचे नाव मिळते. ते नसेल तर मसाला होईल, पण आईचा होणार नाही. अखेरीस आम्ही बेलग्रेव्ह रस्त्यावर गेलो.

या रस्त्याची गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्यांतले सत्तावीस-अठ्ठावीस हजार लोक ब्रिटनला यायला निघाले. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. घरे भरली आहेत, शाळा भरल्या आहेत, दवाखाने भरले आहेत. तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका, असा तिचा मथितार्थ. परिणाम असा की, ज्यांना लेस्टर हे नावही ठाऊक नव्हते त्यांना ते कळले, आणि हजारो माणसे तिथेच आली. ओस पडत चाललेल्या बेलग्रेव्ह रस्त्यावर त्यांनी सोन्याची, साड्यांची, मिठाईची, किराण्याची दुकाने थाटली. याच रस्त्यावरची दिवाळीची रोषणाई पुढे हिंदुस्थानाबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळ्यांत गणली गेली.

तिथल्या एका किराणा दुकानात साठी उलटलेल्या एक गुजराती बाई गल्ल्यावर बसल्या होत्या. कंपाला सोडले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आमची यादी पाहून त्या बोलत्या झाल्या. विमानतळाच्या वाटेवर शिपायांनी जागोजागी गाडी थांबवली. आईच्या बांगड्या गेल्या, वडिलांचे घड्याळ गेले. एका नाक्यावर शिपायाने सामानातला मसाल्याचा डबा उघडला, बोटाने हळद ढवळली, आत सोने नाही असे पाहून डबा परत फेकला. सफोकमधल्या छावणीत पोहोचल्यावर थंडी, फिक्का रस्सा, पाव. त्यांची आई रोज जेवताना डब्यातले चिमूटभर जिरे-मीठ सगळ्यांच्या ताटात टाकी. "डबा केवढा? एवढासा," बाईंनी ओंजळ करून दाखवली. "सहा माणसं आणि सहा आठवडे. पण माझ्या आईनं तो संपू दिला नाही, भाई." त्या काळात अशा छावण्यांना जेवण पुरवण्याच्या कामातूनच पाठकांच्या धंद्याला मोठा हात मिळाला, हे मी पुस्तकात वाचले होतेच. इतिहासाची आणि माझी गाठ त्या दिवशी गल्ल्यापाशी पडली.

दगडफूल त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी आम्हाला दोन गल्ल्या पलीकडच्या तामीळ दुकानात पाठवले. "तिथे तर पहिल्याच आठवड्यात विचारून झालं! नाही म्हणाले," धाकटी म्हणाली. बाई हसल्या. "दगडफूल मागितलंत ना? कल्पासी मागा." आम्ही गेलो, कल्पासी मागितली, आणि दुकानदाराने तीच काळीकरडी सुरकुतलेली पानोळी भरलेली पिशवी आमच्यापुढे ठेवली. मांडणीवर ती आमच्या डोळ्यांसमोरच होती; आम्ही आमच्या नावाने हाक मारत होतो एवढेच.

रविवारी मसाला केला. खिडक्या उघड्या टाकल्या तरी खोबरे भाजताना छतावरची धुराची घंटा ठणाणा करू लागली. मेहुणे स्टुलावर चढून तिला टॉवेलने वारा घालीत उभे राहिले. दगडफूल तेलात पडले तेव्हा धाकटी एकाएकी गप्प झाली. मग तिने भाचीला हाक मारली, वही आणायला सांगितली आणि म्हणाली, "लिही. धणे एक किलो." भाचीला देवनागरी जुजबी येते, पण तिने अडखळत, माझ्याकडून ऱ्हस्वदीर्घ विचारून घेत, सारी यादी उतरवली. कोणते किती तेलात, कोणते कोरडे, कोणते शेवटी, तेही लिहिले. नागकेशरापुढे मी कंसात लिहायला लावले: मामा पाठवणार.

तयार झालेला मसाला आम्ही हुंगला. आईचा होता का? अगदी नव्हता. नागकेशर नव्हते, धणे दुसऱ्या मुलखातले होते, आणि आईचा हात नव्हता. धाकटीने ती चार बोटांची बरणी ओट्यावर आणली. दोन्ही वास जवळजवळ ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, जुनी बरणी आता ती पुन्हा आत ठेवून देईल. तिने झाकण काढले आणि सगळा मसाला नव्या मसाल्यात ओतला. "विरजण लावलं," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी कालवू लागली.

इकडे येताच मी नागकेशर एका जाणाऱ्याबरोबर धाडून दिले. परवा धाकटीचा फोन होता. नागकेशर पोहोचले, आता त्याचा खरा उपयोग पुढच्या मसाल्यात. तळाशी चार बोटे उरला की नवा करायचा आणि उरलेला त्यात मिसळायचा, असे तिने ठरवून टाकले आहे. भाचीने वहीतली यादी एका जाड कागदावर पुन्हा चांगल्या अक्षरात काढून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. त्यात 'शहाजिरे'चा 'श' अजून उलटाच आहे, पण तो तसाच राहू दे, असे मी कळवले आहे.